बशीतला एकटा दाणा

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

स्पेनमधल्या एका घराण्याचा चार पिढ्यांचा ठेवा मी इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये भिजत घातला. भिजत घातला म्हणजे खरंच, पातेल्यात!

पिलार, माझी सून, स्पेनची. त्यांच्याकडे सहा जानेवारीला तीन राजांचा सण. आदल्या संध्याकाळी मुलं बूट खिडकीत ठेवतात, सकाळी त्यांत खाऊ सापडतो. आणि न्याहारीला रोस्कोन, म्हणजे कड्याच्या आकाराचा गोड पाव. त्यात वालासारखा एक वाळका दाणा लपवलेला. तो ज्याला मिळेल त्याने पुढच्या वर्षीचा पाव करायचा.

दर वर्षी ही मंडळी पिलारच्या आईकडे जायची. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी आई गेली, घर बंद झालं. पिलारने तिथून एकच वस्तू आणली. तिच्या पणजीपासून दर वर्षी पावात भाजून निघालेला तो दाणा.

"या वर्षी पाव मी करणार, बाबा. नाहीतर मायाला काय कळणार?" माया म्हणजे माझी सात वर्षांची नात.

आता ठेवा म्हटल्यावर तो कुठे असावा? मखमली डबीत! हा होता स्वयंपाकघरात, चहाच्या बशीत.

तीन तारखेला मी वाल भिजवत होतो. आमची ही थंडीत बिरडं करायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिने अलिबागहून आणलेले शेवटचे दोन मुठी वाल डब्यात उरले होते. चष्मा कपाळावर. बशीत एकटा दाणा दिसला. म्हटलं, पळतोस कुठे लेका? टाकला पातेल्यात. दुसऱ्या दिवशी सगळे हिच्या जुन्या जांभळ्या साडीच्या फडक्यात बांधून बॉयलरच्या कपाटात ठेवले. या देशात मोड यायला दुसरी ऊब कुठली?

पाच तारखेला सकाळी पिलार ओरडली, "माझा बीन कुठाय?"

घर उलटंपालटं झालं. मुलाने धूळ ओढणाऱ्या हूवरची पिशवी फाडली. सगळ्यांत जास्त कोण शोधत होतं? मी! वर भाषणही ठोकलं. "चाळीस वर्षं फायली सांभाळल्या, एक कागद हरवला नाही. वस्तूला लेबल लावावं, पिलार!"

ती पाठ करून कणीक मळत राहिली. खांदे मात्र हलत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आमचा एक वाल घाल. तोही मायाच्या आजीच्याच हातचा आहे." ती मान हलवून हसली. मी कपाटापाशी जाऊन ऐटीत गाठोडं सोडलं. दोनशे वालांना पांढरे मोड, आणि मधोमध एक थोराड, काळपट, मख्ख दाणा!

कबूल करावं? सकाळच्या भाषणानंतर? मुकाट्याने तिच्या हातावर वाल ठेवला. तिने तो पावात घातला, फडकं झाकलं, आणि ती वर गेल्यावर मी तो दुसराही खुपसला. बरोब्बर तिच्या खुर्चीसमोर येईल अशा बाजूला! मग भाजताना तिने भट्टीत तबक अर्धं फिरवलं.

सहा तारखेला मायाला वाल मिळाला. ती नाचली. आणि माझ्या दाढेखाली कट्ट!

"आजोबा, काय झालं?"

"काही नाही, बदाम."

"बदाम नाही घातले, बाबा," पिलार म्हणाली. "दाखवा."

साठी उलटलेल्या माणसाने सुनेपुढे तोंड उघडलं. तळहातावर दाणा, आणि त्याला चिकटलेला एक जांभळा दोरा.

पिलारने दोरा निरखला. गाठोड्याचं फडकं तिच्या ओळखीचं होतं. "ही आईंची साडी ना?"

मी मान खाली घातली. ती हसायला लागली ती थांबेना, आणि डोळे पुसतानाही थांबेना. दोरा काढू का, म्हटलं. "नको. राहू दे. आता दोघी आहेत त्यात."

दाणा दोऱ्यासकट डबीत गेला. पुढच्या जानेवारीत पाव करायची पाळी माझी, म्हणून मी डबी उघडायला गेलो. माझ्या सल्ल्याप्रमाणे लेबल होतं. मायाच्या अक्षरात:

"आजोबा, आधी चष्मा."