वानखडे साहेबांची रिकामी चौकट

वानखडे साहेबांच्या दारात वाटीभर साखर मागायला गेलं, तरी ते आधी विचारायचे, "प्रयोजन?" पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करतायत. मी हसत उभी, ते चष्म्यावरून बघत उभे. शेवटी "शिरा करायचाय, मुलाचा वाढदिवस आहे," असं सांगितलं, तेव्हा कुठे आतून साखर आली. "साखरेचं काही नाही वहिनी," ते म्हणाले, "पण प्रयोजनाशिवाय वस्तू हलली, की घोटाळा झालाच म्हणून समजा बाप्पा."

चंदीगडच्या आमच्या सरकारी कॉलनीत ते वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे अमरावतीचे, नोकरी केंद्र सरकारच्या ऑडिटची. माझे यजमानही त्याच कार्यालयात. लोकांच्या बिलांवर 'प्रयोजन लिहा' असा शेरा मारून ती परत पाठवणं, हे साहेबांचं आयुष्यभराचं कार्य. यजमानांचं टॅक्सीचं बिल परत पाठवलं, त्याच संध्याकाळी आमच्याकडे चहाला हजर! "राग बिलावर आहे, तुमच्यावर नाही," असं म्हणून दोन चकल्या जास्तच खाल्ल्या.

त्यांच्या बायकोचं, सुनंदाताईंचं, सगळं आयुष्य बदल्यांमध्ये खोकी बांधण्यात आणि सोडण्यात गेलं. साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती. अमरावतीत फ्लॅट घेतला होता, शेवटचा हप्ता भरला की किल्ली हातात. "आता एकदाच सामान सोडायचं, परत बांधायचं नाही," त्या म्हणायच्या. स्वयंपाकघरात कुठला खिळा कुठे ठोकायचा, तेसुद्धा ठरलं होतं.

असा माणूस सट्टा खेळेल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण साहेब इंडस्ट्रियल एरियात गाडीला सीटकव्हर घालायला गेले आणि येताना क्रिकेटवर पैसे लावायचा 'आयडी' घेऊन आले. दुकानदार विक्की हाच मध्यस्थ. कंपनी म्हणे कुठल्याशा लांबच्या बेटावरची. पैसे मात्र बेटावर जायचेच नाहीत. विक्की मोबाइलवर रोज नवं खातं पाठवायचा, आज कुणाची डेअरी, उद्या कुणाचं ब्युटी पार्लर. काय तो आंतरराष्ट्रीय व्यवहार! अट एकच. पैसे पाठवताना शेरा लिहायची जी छोटी चौकट येते, ती कोरी ठेवायची.

आता वानखडे साहेब चौकट कोरी ठेवतील? त्यांनी स्वच्छ लिहिलं, 'क्रिकेट सट्ट्यासाठी अनामत, हप्ता पहिला.' मी दह्याचं विरजण द्यायला वर गेले होते, तेवढ्यात विक्कीचा फोन आला. त्याचं ओरडणं मला दारापर्यंत ऐकू येत होतं. "सर जी, मरवाओगे क्या?" साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, कल को ऑडिट में पूछा, तो तेरी डेअरी क्या बोलेगी? दूध का पैसा है?"

"आणि हे कशाला करताय?" मी विचारलं.

"बाल्कनीच्या ग्रिलचे पैसे सुटतील ना वहिनी. सुनंदाले सांगू नका."

धन्य! माणूस सट्ट्यालाही प्रयोजन लावून मोकळा.

आणि जिंकले की हो. चाळीस हजार खात्यात आले. पेढे घेऊन खाली आले, मोबाइल दाखवला. पैसे पाठवणारं नाव कुणा मराठी बाईंचं, शेऱ्याची चौकट कोरी.

"बेटावर आपल्याकडच्या बाई राहतात वाटतं," मी म्हणाले. "प्रयोजन?"

साहेबांचे कान लाल झाले. "मोठ्या कंपन्यांचं असंच असते," असं पुटपुटून त्यांनी फोन खिशात टाकला. अख्ख्या नोकरीत जे केलं नाही, ते त्यांनी तिथे माझ्या सोफ्यावर बसून केलं. पेढा खाल्ला आणि बिल पास केलं.

पुढच्या आठवड्यात नवरा-बायको दोघं सेक्टर १७ मधल्या बँकेत फ्लॅटचा हप्ता भरायला गेली. सुनंदाताई ठेवणीतली साडी नेसून गेल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अकाउंट फ्रीज है, जी." ज्यांच्या नावाने चाळीस हजार आले होते, त्या बाई निघाल्या सोलापूरच्या निवृत्त शिक्षिका. तुमची वीज आजच तोडतो, अशी धमकी देऊन कुणीतरी त्यांना थेट साहेबांच्या खात्यात पैसे भरायला लावले होते. त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी साहेबांचं खातं गोठवलं. बेटावरच्या कंपनीने स्वतःच्या खिशातून दमडीही न काढता साहेबांना बक्षीस दिलं होतं. आणि सुनंदाताईंना नवऱ्याचा हा पराक्रम बँकेच्या काउंटरवर, चार लोकांत कळला.

पोलिसांनी लेखी खुलासा मागितला, मग सल्ले सुरू झाले. विक्की म्हणाला, "लिख दो, पुराना फ्रिज बेचा था." माझे यजमान म्हणाले, "उसने दिलेले परत आले म्हणा." कारण उघड होतं. खरं लिहिलं तर कार्यालयाला कळणार, आणि ऐन निवृत्तीत सगळे पैसे अडकणार. साहेब आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी पोलिसांना लिहिलं, 'सदर रक्कम सट्ट्यात जिंकली असे समजून स्वीकारली. पाठवणारीस विचारणा केली नाही. रक्कम तिला परत करावी.'

"साहेब, फ्लॅट जाईल हो!" मी अक्षरशः ओरडले.

"जन्मभर लोकांची बिलं परत केली वहिनी. आता माह्यंच पास करू कायले?"

शिक्षिकाबाईंना पैसे मिळाले. खरं लिहिल्याबद्दल सरकारनेही साहेबांचा यथोचित गौरव केला, चौकशी लावली. निवृत्तीचे पैसे रोखले, हप्ता चुकला, फ्लॅट दुसऱ्याला गेला. निरोपसमारंभाचं तर कुणी नावही काढलं नाही. विक्की अजून सीटकव्हरं विकतोय, ठणठणीत आहे.

सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर आम्ही दोघंच पोचवायला गेलो. इथून दिल्ली आणि मग अमरावती, सुनंदाताईंच्या धाकट्या दिराकडे, दोन खोल्यांत. सगळी खोकी पुन्हा बांधलेली. बँकेतल्या त्या दिवसापासून सुनंदाताईंनी या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. बसमध्ये खिडकीपाशी बसल्या, आणि साहेब पिशवी वर ठेवत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "एक सांगाल? प्रयोजन काय होतं?"

मला वाटलं, आता ग्रिल बाहेर येणार. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"काहीच नव्हतं वं," ते म्हणाले. "मजा येऊन राहिली होती."

त्या माणसाचा मला इतका राग होता, तरी खिडकीखाली उभ्या उभ्या मला रडू आलं. सुनंदाताईंनी शेजारची सीट पदराने पुसली आणि म्हणाल्या, "बसा आता."