धाग्यानं मोजलेलं चाक

मी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही. बायकोचं तर कधीच केलं नव्हतं. आई अंथरुणावर होती तेव्हा तिला उचलणं, बसवणं सगळं हिनंच केलं. मी हापिसातून येऊन पेपर उघडायचो. हिचे गुडघे त्यातच गेले. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, मी म्हणतो.

डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. पावसाळ्यात सीमाभागातल्या खासबागच्या आमच्या घरात, पुढच्या सोप्यातच, सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक फिरायचं, पुढचं जागेवर उभं. हँडलवर अंतर दाखवणारं यंत्र मी बसवलं आणि त्याचा सेन्सर मागच्या चाकाला बांधला, म्हणजे घरात आणि रस्त्यावर तोच चालेल. यंत्र फेरे मोजतं. एका फेऱ्याला किती अंतर, ते आपण भरायचं. गल्लीत घरोघर माग. शेजारून साडीचा धागा आणला, टायरवर ताणून गुंडाळला, मग सोडून पट्टीवर मोजला आणि आकडा भरला.

हिनं पणच केला, "सोप्यात बसून एका दमात संकेश्वर गाठीन, तवाच रस्त्यानं माहेरला जाईन."

संकेश्वर तिचं माहेर, आमच्याकडून पन्नासेक किलोमीटर. दर वेळी थोडक्यात राहायचं. घाम पुसत उतरायची, म्हणायची, "आज बी शिवंवरनंच परत."

पाऊस उघडल्यावर सरावाला हायवेला गेलो. ती पुढे, मी माझ्या सायकलवर मागे. मध्येच थांबली.

"अहो, मैलाच्या दगडांच्या हिशेबानं धा किलोमीटर झालं. तुमचं यंत्र साडेनऊ म्हणतंय."

"दगड चुकला असंल."

"सगळंच दगड? का कानडीत लिवलंय म्हणून पटंना?"

घरी येऊन धागा पुन्हा ताणला, सोडला. डोळ्यांदेखत आखडला; म्हणजे पट्टीवर मी तो आखूडच मोजला होता. मागांच्या गल्लीत जन्म गेला आणि एवढं सुचलं नव्हतं!

मग टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली. तिला सीटवर बसवलं, चाकाचा एक फेरा सरळ पुढे ढकलला, जिथं खूण पुन्हा टेकली तिथपर्यंत लोखंडी टेपनं मोजलं.

"नीट बस गं. वजनानं टायर दबायला पायजे."

"म्हंजे माझं वजन एकदाचं कामाला आलं!"

आकडा मोठा निघाला. मी तिथंच फरशीवर बसून तिचे पावसाळ्यातले आकडे नव्यानं गुणले.

"तू संकेश्वर कवाच गाठलंयस," मी म्हणालो. "पावसातच. माझ्या चुकीनं तुला जास्तीचं दामटावं लागलं."

"म्हंजे मी गाव गाठून परत परत माघारी फिरत हुते?"

"व्हय. भारी चालवतीस तू."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय काय तुम्हाला?"

पुढच्या रविवारी निघालो. दगड आणि यंत्र आता एकमेकांना धरून होते. चढावर तिनं मला मागे टाकलं आणि वळूनही बघितलं नाही. मी पोचलो तेव्हा ती माहेरच्या पायरीवर पाणी पीत बसली होती. तिच्या अण्णानं विचारलं, "किती झालं गं अंतर?"

"त्यांस्नी इचारा. मोजमाप त्यांच्याकडं."

मी आकडा सांगितला. शेजारच्या घरापर्यंत जावा इतक्या मोठ्यानं. आणि म्हणालो, "सगळं हिच्या गुडघ्यांवर."