चौथा डबा

दामलेकाकूंचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला बसमध्ये अडकलेले. "हे गेले गं," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं नाही. आठवला तो डबा... आणून देते म्हणून कबूल केलेला आणि न आणलेला.

दामलेकाका आमच्या कचेरीत नकाशे काढायचे. मी शहाडच्या चाळीतली, घराण्यातली पहिली पदवीधर. पहिल्याच दिवशी मी हे त्यांना दोनदा ऐकवलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. निवृत्तीनंतर काकांना जिओकॅशिंगचा नाद लागला. कुणीतरी डबी लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवायची. रविवारी ते मलाही न्यायचे. डोंबिवलीहून निघून कळव्याचा पूल ओलांडला की म्हणायचे, "चला, बेटावर आलो." ठाणं साष्टी बेटावर आहे हे मी शाळेत पाठ केलेलं, पटलं मात्र खाडीचा काठ धरून चालताना. मी चिखलात रुतले की काका बांधावरून हसायचे, "पदवी आहे ना? मग काढ पाय!"

"पदवी पायात नसते, काका. हात द्या!"

काका शेवटचे भेटले तेव्हा उशीला टेकून बसले होते. काकू चहा टाकायला आत गेल्या, तशी त्यांनी एक चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली. गायमुखकडच्या खाडीकाठचे आकडे होते. "हिच्या आईनं लग्नात दिलेल्या चार डब्यांतला एक मी तिथं लपवलाय. न विचारता नेला. ती रोज फडताळ उघडून बघते गं... बोलत काहीच नाही. आणून दे." येत्या रविवारी आणते म्हटलं. तो रविवार पाहुण्यांत गेला, पुढचा असाच कशात तरी. तिसऱ्याच्या आधी काका गेले.

तेराव्यानंतर मी गायमुखला गेले. बांधातली कपार रिकामी होती. मी आत हात घालून चाचपलं. पलीकडे एक कोळीणबाई जाळं सांधत होत्या.

"काय बगतंस गो?"

"डबा... स्टीलचा."

"नलिनी तूच काय?" त्या घरात जाऊन डबा घेऊन आल्या. झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं, 'सौ. नलिनी'. "नाव घातलेला डबा कोन टाकून जातंय? इसरलाच असंल, म्हून ठेवला." काकांनी आकडे बिनचूक काढलेले, पण नाव घातलेलं भांडं आपल्याकडे कुणी दगडात राहू देईल का! वर बाईंनी आतली वही माझ्या हातात दिली आणि डबा सुक्या जवळ्यानं भरला. "रिकामा कसा देऊ?"

चातुर्मासात कांदा-लसूणही न चालणाऱ्या काकूंपुढे मी तो वासाचा डबा ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि... हसल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा. मग वही उघडली. पहिल्या पानावर काकांचं नकाशावरचं असावं तसं नेटकं अक्षर होतं: 'डबा नलिनीचा. गुडघ्यांमुळे तिला इथवर येता येत नाही, म्हणून तिचं नाव आणलं.'

मी म्हटलं, "काकू, मी उशीर केला." त्यांनी पेन मागितलं, काकांच्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं. जवळा मला बांधून दिला, डबा घासला आणि थालिपिठाच्या भाजणीनं भरला.

"त्या बाईंना नेऊन दे. रिकामा कसा द्यायचा? आणि सांग, भाजणी संपली की वही आत घालून, होता तिथेच ठेवा."

"काकू, तो घरी यावा म्हणून काका..."

"मी नाव लिहिलंय ना आता!"

परवा काकूंकडे गेले होते. फडताळात तीन डबे आहेत. ते सरकवून चौथ्याची जागा काकूंनी बुजवलेली नाही. रोज पुसतात मात्र.