टर्बोची फुस्स आणि आमचे अप्पा

गॅरेजवाल्यांना किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाइकंच ते गाडीत घालून आणतात! काशीदच्या रस्त्यावर मी आणि सलीमभाई मिळून गॅरेज चालवतो. टर्बो गाड्या हे माझं खास काम, आणि त्याचा मला भारी अभिमान. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र नातेवाइकांना सांगत, "मंजू ऑफिसात असते." ते मला फार लागायचं.

*

एका गृहस्थांनी जुनी टर्बो गाडी घेतली. मुंबईहून येताना दर वळणावर उतरून चाकं बघत आले! "ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की फुस्स होतं. पंक्चर आहे, पण सापडत नाही हो!"

*

आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी विचारलं, "ही फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवाच कशाला?"

सलीमभाई म्हणाले, "रेवसच्या धक्क्यावर बोटीचं गेट अचानक लावलं तर घुसणारी गर्दी उलटी फिरते ना? तसंच. पाय काढला की इंजिनात हवा जायचं गेट मिटतं. टर्बोच्या पंख्यानं दाबलेली हवा उलटी त्याच्याच पात्यांवर आदळते. व्हॉल्व्ह म्हणजे ती हवा फुस्सकन बाहेर सोडणारं बाजूचं दार. पण वेग घेताना ते बंदच पाहिजे. तेव्हा फुसफुसलं तर गळतंय समजा."

मास्तर खांदा चोळत म्हणाले, "म्हणजे परवा रेवसला मी टर्बोचं पातं होतो!"

*

एक पोरगा डिझेल जीप घेऊन आला. "ताई, फुस्स पाहिजे!"

म्हटलं, "तुझ्या डिझेलला तसं गेटच मिटत नाही. हवा अडतच नाही, तर सोडणार काय?"

"मग मित्राच्या डिझेलला कसा येतो आवाज?"

"स्पीकर लावलाय त्यानं!"

पोरगा हिरमुसला. मग हळूच म्हणाला, "कुठं मिळतो?"

*

दुरुस्त केलेली गाडी मी आमच्या वाडीसमोरच्या चढावर पळवून बघते. अप्पा कुंपणाआडून खेकसायचे, "किती ती फुसफुस! कान किटले!" पण उठून आत कधी गेले नाहीत.

*

परवा पुण्याचे काका टर्बो गाडी घेऊन घरी आले. मी गॅरेजमध्ये होते. पुढचं आईनं सांगितलं.

अप्पा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. गाडी चढ चढून आत आली. काका उतरतात न उतरतात तोच अप्पा मान वर न करता म्हणाले, "वेग घेतानाच फुसफुसतेय. व्हॉल्व्ह गळतोय."

काका हसले. "दादा, तुला गाडीतलं कधीपासून कळायला लागलं?"

"मला नाही. मंजूला कळतं."

"मंजूला? ती तर ऑफिसात असते ना?"

अप्पांनी सुपाऱ्यांची टोपली बाजूला सारली. "बस गाडीत. तिचं ऑफिस दाखवतो!"