बिनगोळीचा हवालदार

आमच्या ह्यांना गावानं नाव ठेवलं होतं, बिनगोळीचा हवालदार. ठेवणाऱ्याच्या जिभेला काही हाड? लढाई संपून ते घरी आले, खांद्यावरची ट्रंक ओटीवर टेकवली, आणि पहिला प्रश्न आला तो हाच: "किती जपानी मारलास रे?" हे म्हणाले, "एक पण नाय." झालं. त्या दिवसापासून माझा नवरा गावच्या हिशेबात फौजी राहिला नाही.

मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, सातवी शिकलेली आणि तोंडानं फटकळ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातलं हे सासर. इथं घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर पलटणीत. ब्रह्मदेशात लढून आलेल्यांच्या छातीवर चांदणीचं पदक होतं, ह्यांच्याकडे एक साधं गोल. सव्वीस जानेवारीला शाळेपुढं झेंडा लागायचा तेव्हा चांदणीवाले पुढं उभे राहायचे आणि ह्यांना सांगायचे, "हवालदार, तू पोरांची रांग लाव. तुला तेच येतं." आणि हे खरंच जाऊन लावायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी आल्यावर मी भांडी आपटायची, आणि हे शांतपणे विचारायचे, "रांग सरळ होती ना पण?"

ह्यांची डिव्हिजन कसली होती ते गावाला कधी समजूनच घ्यायचं नव्हतं. मला त्यांनी खाचराच्या बांधावर बसून समजावलं होतं, लावणीच्या दिवसांत. आपण राबात रोप वाढवतो, म्हणाले, पण राबात भात पिकवत नाही. तशी आमची डिव्हिजन. तिच्यात पलटणी होत्या, साहेब होते, खांद्यावर लावायची खूण होती, सगळं होतं. पण ती स्वतः लढाईवर जायचीच नव्हती. सेंटरमध्ये कवायत आणि बंदूक शिकलेला जवान आमच्याकडे यायचा. आम्ही त्याला सागवानाच्या जंगलात नेऊन तिथं जगायला शिकवायचो. सुक्या पाचोळ्यावरून आवाज न करता कसं चालायचं, अंधारात आपला कोण नि परका कोण, बाटलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत कसं पुरवायचं. शिकून झालं की त्यांची तुकडी बांधायची आणि पुढं धाडायची. पुढं कुठं? तर लावणीनंतर जिथं रोप मरतं तिथं आपण नवं खोचतो, नांग्या भरतो, तसं. ज्या पलटणीत माणूस पडला, तिथं. तुकड्या यायच्या नि जायच्या. कायमचे राहायचे ते आम्ही, शिकवणारे.

"मग तुम्ही पुढं का नाही गेलात?" मी विचारलं होतं. मी पण त्याच गावची सून ना शेवटी.

"तीनदा अर्ज केला. साहेब म्हणाला, तू गेलास तर शिकवील कोण?"

आता हे बाहेर सांगायला काय हरकत होती? पण नाही. मूग गिळून बसायचे. आणि गावाचं एक वेळ सोडा, शेजारच्या घरातून जे यायचं ते मला सोसत नव्हतं. तिथं ह्यांची चुलती राहायची, आमची काकी. तिचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, ह्यांच्याच डिव्हिजनीत शिकायला आला, ह्यांच्याच हाताखाली. तिथून ब्रह्मदेशात लढाईवर गेला आणि तिकडेच पडला; घरी नुसती तार आली. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. मुलगा झाला, आणि तो चालायला लागायच्या आत ती बिचारी तापानं गेली. नातवाला काकीनं एकटीनं वाढवलं. आणि ह्यांना पाहिलं की ती अंगणात उभी राहून बोलायची.

"माझ्या पोराला पुढं ढकललान नि ह्यो मागं राहिला! तूच शिकवलास, तूच धाडलास, नि तू बायकोच्या हातचं गरम जेवतोस!"

हे मान खाली घालून पुढं जायचे. तिच्या घरावरची कौलं मात्र दरवर्षी हेच परतायचे. वरून शिव्या खाऊन खाली उतरायचे. मी एकदा पदर खोचून निघालेच होते जाब विचारायला. ह्यांनी दंड धरला माझा आणि घरात नेऊन बसवलं. तेव्हा सांगितलं, आणि देवापुढं शपथ घ्यायला लावली की काकीला कळू द्यायचं नाही.

दीर अर्धाच शिकला होता. पुढं जाणाऱ्या तुकडीतला एक जण मलेरियानं पडला. तुकडीत एक डोकं कमी. गोरा साहेब ह्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांच्या रांगेपुढून चालत आला आणि दिराकडे छडी दाखवली. हे म्हणाले, "साब, ये तैयार नहीं है." साहेब म्हणाला, गिनती पूरी होनी चाहिए. ह्यांनी परत सांगितलं, अजून ह्याचं रात्रीचं चालणं झालेलं नाही. साहेब असा ओरडला की सगळी रांग हादरली.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. मी सलाम ठोकला."

वा रे साहेब! आयजीच्या जिवावर बायजी उदार. त्याला गिनती पुरी हवी होती, शिक्षण पुरं हवं असं नव्हतं. माझा संताप संताप झाला. त्या साहेबाचा आला, त्या अख्ख्या डिव्हिजनीचा आला, आणि खरं सांगते, ह्यांचाही आला. सलाम ठोकला म्हणून नाही. इतकी वर्षं ऐकून घेतलं म्हणून. पण शपथ घेतली होती. गप्प राहिले. माझ्यासारखीनं गप्प राहणं म्हणजे काय ते माझं मला माहीत.

मग चीनची लढाई आली. महाडच्या बाजारात हॉटेलातल्या रेडिओभोवती माणसं उभी राहायची, आणि एस.टी.तून उतरणारा प्रत्येक जण एकच गोष्ट घेऊन यायचा. पोरांना बर्फात कापडी बुटांवर उभं केलं म्हणे. त्यातच बातमी आली की महाडला भरती आहे. काकीचा नातू तोवर मिसरूड फुटलेला झाला होता. तो नाचायलाच लागला.

एके दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते तर समोर काकी. आमच्या अंगणात तिचं पाऊल लागून किती वर्षं झाली होती! मागं नातू, मान खाली. मला वाटलं, आली भांडायला. मी शेणाचा हात तसाच ठेवून उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता ओटीवर गेली आणि ह्यांच्या समोर बसली.

"ह्यो भरतीला जातोय," ती म्हणाली. "माझं आयकत नाय. तू त्याला शिकव."

हे म्हणाले, "काकी, शिकवतील ना त्याला तिकडं."

"तिकडं घाई झाली तर? बर्फात धाडलेल्यांना शिकवलं होतं का कुणी? तू घरीच शिकव. समदं शिकव. मग जाऊ दे."

गरज पडली तेव्हा बिनगोळीचा हवालदार आठवला होय! जिभेवर आलं होतं माझ्या. पण काकी थांबली, आणि तिनं ह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हातारीची नजर होती ती.

"माझ्याचं पुरं झालं होतं ना रे?"

मी मनात ओरडत होते, अहो, हो म्हणा. एवढी वर्षं झाकलंत, आता एका शब्दानं काय बिघडतंय? हो म्हणा नि मोकळे व्हा.

"नाय, काकी," हे म्हणाले. "अर्धंच झालं होतं."

आणि सगळं सांगितलं. मलेरिया, छडी, गिनती, सलाम. सांगून झाल्यावर काकी जमिनीवरच्या सारवणाच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

"मग इतकी वरसं माझ्या शिव्या कशाला खाल्लास?"

"तू शिव्या घालायचीस, 'तूच शिकवलास' म्हणून," हे म्हणाले. "तवर तुझ्या मनात तो शिकून गेला होता. तेवढं तरी तुझ्यापाशी राहावं म्हटलं."

काकी रडली. मोठ्यानं, छाती पिटून, जशी तार आली त्या दिवशी रडली असेल तशी. मी शेणाच्या हातानंच तिला धरलं. माझ्या मनातली इतक्या वर्षांची चीड कुठं ठेवावी ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून हे नातवाला घेऊन डोंगरावर जायला लागले. पाचोळ्यावरून चालवायचे, पाठमोरे बसून कान लावायचे, आणि वाजलं की पहिल्यापासून परत. पोरगा कंटाळायचा, माझ्याकडे येऊन चुगल्या करायचा, "काकू, काका उगाच छळतात गो."

भरतीचा दिवस उजाडला. गावातली पोरं केसांना तेल थापून खाली रस्त्यावर, महाडच्या गाडीसाठी निघाली. नातूही निघाला. नवा सदरा, काखेत भाकरीचं गाठोडं. काकी त्याच्याबरोबर आमच्या अंगणापर्यंत आली आणि थांबली. हे ओटीवर दाढी करत होते.

"पुरं झालं का रे ह्याचं?" तिनं विचारलं.

ह्यांनी वस्तरा खाली ठेवला. पोराकडे पाहिलं. पोरगा डोळ्यांनी गयावया करत होता, खालून पोरं हाका मारत होती.

"नाय."

"आजी, गाडी जाईल!" पोरगा ओरडला. "बाकीचे समदे चाललेत!"

काकीनं त्याच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं, ओटीच्या कडेवर ठेवलं आणि गाठ सोडली.

"बस," ती म्हणाली. "हितंच खा, नि काकाबरोबर डोंगरावर जा."