डावीकडं ओढणारी व्हॅन

आमची व्हॅन आधी शाळेच्या मुलांची होती. पिवळा रंग उन्हानं फिका पडलेला, आणि दारावरची अक्षरं खरवडून काढली तरी ओलं फडकं फिरवलं की पुन्हा वाचता यायची. आम्ही ती रोपांसाठी घेतली. शहराबाहेर, देवळाईच्या पुढं भाड्याच्या जागेत माझी आणि माझ्या मोठ्या नणंदेची, आक्कांची, लहानशी नर्सरी आहे. मागच्या सीटा काढून तिथं फळ्या ठोकल्या आणि गुलाब, मोगरा, कढीपत्ता, सीताफळाची रोपं घालून करमाडच्या आठवडी बाजाराला जायला लागलो. गाडी मीच चालवायची. माझ्या मिस्टरांची वाळूजला शिफ्टची नोकरी, त्यांना कुठला वेळ. चाळिशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले आणि घरच्यांना त्याचं कौतुकही होतं, पण विश्वास जरा कमीच.

पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले, म्हणून जालना रोडवरच्या एका दुकानात नवे टाकून घेतले. दुकानदार म्हणाला, "टायर नवे घातले तर अलाइनमेंट पण करून घ्या, ताई. चाकं सरळ नसली तर हे पण घासतील." मी हो म्हटलं. चाकांना मशीन लावलं, स्क्रीनवरचे आकडे हिरवे झाले, आणि माझा चहा संपायच्या आत गाडी रस्त्यावर आली.

मुकुंदवाडीच्या सिग्नलपर्यंत आले तोवरच काहीतरी वेगळं वाटायला लागलं. स्टीअरिंग थोडं उजवीकडं वळवून धरलं तरच गाडी सरळ जायची. हात जरा सैल केला की डाव्या कडेला निघायची. दुसऱ्या दिवशी मी परत दुकानात गेले. दुकानदारानं स्वतः एक चक्कर मारली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"काही नाही, ताई. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार असतो. त्यात गाडी जुनी, आणि तुमचा हात नवा. होईल सवय."

घरी सांगितलं तर मिस्टरही तेच म्हणाले. "सुरुवातीला असंच वाटतं. घट्ट धरून बसू नको, मोकळी बस."

मी मोकळी बसायचा प्रयत्न केला. पण मोकळं बसलं की गाडी कडेला जायची, आणि घट्ट धरलं की बाजारातून येईपर्यंत उजवा खांदा भरून यायचा. हळूहळू मलाही पटायला लागलं की दोष माझाच आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी मी काही ना काही काम काढून निघायची वेळ पुढं ढकलायची. आक्कांना मी हे काही बोलले नव्हते, पण त्या शेजारी बसायच्या, त्यांना दिसत होतंच.

एकदा करमाडहून परतताना मागून ट्रक आला आणि आम्हाला अगदी घासून पुढं गेला. मी दचकले, पकड सुटली, आणि व्हॅन डांबरावरून खाली मुरमात उतरली. उलटली नाही, कुठं आदळली नाही. पण मागं कुंड्या कोसळल्याचा आवाज आला. गुलाबाची चांगली वाढलेली रोपं बुडापासून मोडली होती. मी स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले. आक्का उतरल्या, मागचं दार उघडून एकेक कुंडी उभी करून ठेवली, सांडलेली माती ओंजळीनं परत भरली. मग येऊन बसल्या.

"आक्का, विकून टाकू ही गाडी," मी म्हटलं. "माझ्यानं नाही व्हायचं. भाड्याचा टेम्पो बघू."

"टेम्पोवाला आपल्या सोयीनं येतो व्हय?" त्या म्हणाल्या. "एक सांगू का? तू नर्सरीत कुंड्यांची रांग लावती ना, ती दोरी धरल्यावानी सरळ असती. मी लावली तर वाकडी जाती, तूच नीट करती. तुझा हात तिथं सरळ आन् रस्त्यावर वाकडा, हे मला नाय पटत."

त्या दिवसापर्यंत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी स्वतःही स्वतःला म्हटलं नव्हतं.

रविवारी मिस्टरांना सुट्टी होती. नर्सरीच्या मागं प्लॉटिंगसाठी सपाट करून ठेवलेली मोठी रिकामी जागा आहे. आक्का रांगोळीचा डबा घेऊन निघाल्या आणि वाकून वाकून जमिनीवर एक लांब सरळ रेघ ओढली. मिस्टर हसत होते. "आता काय पूजा घालता का गाडीची?"

"तू बस चालवायला," आक्का त्यांना म्हणाल्या. "रेघ उजव्या चाकाखाली धर, आन् गाडी सरळ झाली की हात सोड. नवा हात नको, जुना हात नको. कुणाचाच नको."

मिस्टरांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी रेघेवर आणली आणि हात वर केले. थोडं अंतर चाक रांगोळीवरून नीट गेलं, मग रेघ सोडून डावीकडं सरकत गेलं. जमिनीला उतार असेल म्हणून मी त्यांना उलट्या दिशेनं यायला लावलं. उतार असता तर आता गाडी उजवीकडं गेली असती. पण गेली ती पुन्हा डावीकडंच. मिस्टर खाली उतरले, रांगोळीत उमटलेले टायरचे पट्टे बघत उभे राहिले. आता ते हसत नव्हते.

मी डाव्या चाकापाशी बसले आणि टायरवरून तळहात फिरवला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत, आतून बाहेर आणला तर करवतीसारखं टोचत होतं. म्हणजे नवा टायरही तिरपा घासत होता. "हात लावून बघा," मी म्हटलं. त्यांनी लावला. "गाडीतच दोष आहे," ते म्हणाले. आणि हाताची धूळ झटकत, "मी तुझं ऐकायला पाहिजे होतं."

सोमवारी मी एकटीच दुकानात गेले. मिस्टर रजा टाकतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. दुकानदारानं मला ओळखलं आणि स्क्रीनकडं हात केला. "परत लावून दाखवतो, ताई. सगळं हिरवंच येईल."

"येऊ द्या. मागच्या वेळीही हिरवंच आलं होतं. या वेळी आधी गाडी वर उचला आणि डावं चाक हातानं हलवून बघा."

"जुन्या गाडीत थोडंफार..."

"जुनी आहे म्हणूनच आधी बघा म्हणते."

माझा आवाज चढला नव्हता. पण मी तिथून हलणार नाही हे त्यांना कळलं असावं. त्यांनी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. खट् असा आवाज आला. पुन्हा हलवलं, पुन्हा खट्. ते खाली वाकले आणि चाकाच्या आतला सांधा बोटांनी चाचपून बघितला.

"बॉल जॉइंट गेलाय," उठून फडक्याला हात पुसत ते म्हणाले. "चाकाचा सांधाच ढिला आहे. मशीनवर उभं असताना सरळ दिसतं, रस्त्यावर लोड आला की तिरपं होतं. हे पहिले बघायला पाहिजे होतं. आमच्याकडून राहिलं."

घरून निघताना मी बरंच सुनवायचं ठरवून आले होते, पण त्यांनी सरळ मान्य केल्यावर ते सगळं विरून गेलं. नवा जॉइंट मागवला, दुसरीकडचाही तपासला. मग त्यांनी अलाइनमेंट स्वतः केलं, घाई न करता, स्टीअरिंग आधी मधोमध बांधून. झाल्यावर मात्र त्यांनी चक्कर मारली नाही. शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "चालवा तुम्ही. तुम्हाला बरोबर वाटली तरच बिल करतो."

जालना रोडवर गर्दी होती. चिकलठाण्याकडं जरा मोकळं मिळालं तिथं मी पकड सैल केली. गाडी सरळ चालली होती.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता बरोबर आहे."

पुढं काही महिन्यांनी मागच्या टायरसाठी गेले तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या जीपचं चाक हलवून बघत होते. मला बघून नुसती मान हलवली.

करमाडच्या पलीकडं आम्ही कधी गेलोच नव्हतो. त्या हिवाळ्यात पैठणकडच्या काही शेतकऱ्यांनी मोसंबीची कलमं मागितली, तेव्हा मी ताबडतोब हो म्हटलं. पहाटेचं धुकं ओसरल्यावर निघालो. वाटेत आक्का त्यांच्या माहेरच्या, म्हणजे आमच्याच घरच्या, जुन्या गोष्टी सांगत होत्या आणि मी हसत होते. बिडकीन कधी मागं पडलं ते कळलंच नाही. रस्त्याची आठवण न होता मी इतका वेळ गाडी चालवली, असं पहिल्यांदाच झालं होतं.

पैठणच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा आक्का एकदम म्हणाल्या, "मला शिकवशील का चालवायला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या समोरच बघत होत्या, दोन्ही हात मांडीवर.

"गाडीत रोपं नसतील तेव्हा शिकवीन," मी म्हटलं.

"मग समदी खपव आज," आक्का म्हणाल्या. "उद्या सकाळीच बसते."