पिवळा गेम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या मॅडमना तर नाहीच. त्या आत्ता बाहेरच्या खोलीत वह्या तपासतायत. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला की कागदावर ताट पालथं घालते. चाळिशीला आलेली बाई इतकी भिते का? भिते.

माझं गाव आजऱ्याकडचं. सातवीतून शाळा सुटली, पुढे नवऱ्यानं सोडलं. मॅडमच्या बहिणीकडे कोल्हापुरात कामाला होते, तिथून मॅडमनी मला इथं पुसदला आणलं — त्यांच्या मुलीसाठी. सुजू तेव्हा दहा वर्षांची होती. तिला जन्मापासून स्नायूंचा आजार. चालणं नव्हतंच, हातातली ताकदही हळूहळू उतरत होती. सर आणि मॅडम दोघंही मास्तर, सकाळी जायचे ते पाचला यायचे. मधला सगळा दिवस ती आणि मी.

या घरानं मला काय दिलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या दिवशी मॅडमनी माझं ताट सगळ्यांच्या ताटांशेजारी मांडलं. मी दाराशी उभीच राहिले, तर सर म्हणाले, "बसा ना मावशी, भाजी थंडी होऊन राह्यली." दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मॅडमनीच भरायला लावला. माझं अक्षर त्यांनी सुधारलं. मी 'मला' म्हटलं की सुजू खदखदून हसायची — "मले म्हण, मावशी! इथं मले म्हणतेत!"

असं घर. आणि त्या घरात मी —

थांबा. क्रमानं सांगते.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई यवतमाळहून आल्या होत्या. रोज दुपारी सुजूचं एकेक बोट सरळ करायचं, मनगट फिरवायचं, कोपर ताणायचं. अर्धा तास. नाही केलं तर बोटं आखडतील, असं त्यांनी मलाच बजावलं होतं. मॅडमनी पट्टीनं आखून एक तक्ता केला, कपाटाच्या दाराला चिकटवला. व्यायाम झाला की त्या दिवसाच्या चौकोनात मी लाल पेनानं बरोबरची खूण करायची.

आधी एक दिवस चुकला. तिला दुखायचं, ती रडायची, "आज नको" म्हणायची. पण हे मी तिच्या रडण्यावर ढकलणार नाही. ती रडली नाही त्या दिवशीही मी केला नाही. मी कुलरसमोर फरशीवर पडून मोबाइल बघत होते. पाच वाजायच्या आत उठायचे आणि खूण करायचे. मॅडमनी वळण लावलेल्या त्याच हातानं.

उन्हाळा गेला, पावसाळा लागला. एका दुपारी सुजूच्या हातून पाण्याचा पेला पडला. दुसऱ्या दिवशी परत पडला. मी फरशी पुसली आणि तेव्हापासून पेला मीच तिच्या तोंडाला लावू लागले. सर-मॅडम घरी असले की ती पाणीच मागायची नाही. काहून मागत नव्हती? मी तिला कधी विचारलं नाही. मला माहीत होतं का? असणारच.

मग तिचा बारावा वाढदिवस आला. तिला हातात धरून खेळायचा तो गेम हवा होता — शेजारच्या पोराकडे तिनं पाहिला होता, गाड्यांच्या शर्यतीचा. सरांनी गाडी काढली, आम्ही चौघं यवतमाळला गेलो. दुकानाला पायऱ्या होत्या, म्हणून दुकानदार दोन प्रकारचे गेम घेऊन स्वतःच खाली आला. मागच्या सीटवर मी आणि माझ्या खांद्याला टेकलेली सुजू.

एक मोठा, काळा. एक लहान, पिवळाजर्द.

"हा मोठावाला पाहा," दुकानदार म्हणाला, "याच्या दोन्ही बाजू निघतेत. स्क्रीन समोर ठेवाची, अन् दोन हातात दोन तुकडे धराचे. हात मांडीवर राहू द्या, उचलाचं कामच नाही." त्यानं एक तुकडा काढून सुजूच्या तळहातावर ठेवला. तिचा अंगठा हलला. पडद्यावरची गाडी वळली. ती हसली — मोठ्यानं नाही, नाकातून.

पिवळा एकसंध होता. हलका, पण दोन्ही हातांनी धरून समोर उचलावा लागणारा.

मॅडम पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "हलका बरा नाही का? तिले पेलवन."

"पैशाचं मी पाहतो," सर म्हणाले. "मावशी, तिचे हात तुमाले माहीत. तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मोठा घ्या म्हटलं असतं तर मॅडमनी विचारलं असतं — का, पिवळा उचलता येत नाही का तिला? कधीपासून? आणि तक्त्यावर तर रोज खूण आहे. पुढचं मला सगळं दिसलं. माझी ट्रंक, एसटी स्टँड, आजऱ्याची गाडी.

मी म्हणाले, "लहान चालेल की. पेला उचलते ती रोज."

सुजूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? दुकानदारानं तो तुकडा तिच्या हातातून परत घेतला, एवढाच वेळ. मग ती म्हणाली, "मले पिवळाच पाहिजे. काळा किती बेकार दिसते!"

सर हसले. मॅडमही.

घरी तिच्या मांडीवर उशी, उशीवर गेम, असं सगळं करून पाहिलं. आखडलेल्या बोटांतून तो घसरायचा. आठवड्याभरात तिनं प्रयत्न सोडला. तरी रोज पाचला तो मांडीवर ठेवायला सांगायची, दोन्ही हात त्यावर ठेवायला सांगायची. मॅडम आल्या की दारातूनच म्हणायच्या, "वा! आज कोण जिंकून राह्यलं?" गाडी झोकात पळत असायची. मलाही नवल वाटलं — जमलं वाटतं हिला!

मग एकदा मी जवळून पाहिलं. तो गेम सुरू करून नुसता सोडून दिला की थोड्या वेळानं गाडी आपोआप पळते, शर्यत कशी असते ते दाखवण्यापुरती. तीच पळत होती. सुजूचे अंगठे बटणांपासून लांब होते. बाहेर फाटक वाजलं, आणि ती हळूच म्हणाली, "मावशी, आवाज वाढव ना. आई आली."

मी आवाज वाढवला.

त्या दिवशीच नाही. नंतर रोज वाढवला. तिला सांगावंही लागत नव्हतं.

पुढच्या तपासणीत नागपूरच्या डॉक्टरांनी बोटं पाहिली. मॅडमनी तक्ता दाखवला. ते म्हणाले, आजारच असा आहे, व्यायाम करूनही होतं कधी कधी. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

त्या हिवाळ्यात सुजूच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. तिच्या जाण्याचा बोटांशी संबंध नव्हता, हे मला कळतं. पण वाढदिवसापासूनच्या त्या महिन्यांत तिला खेळता आलं असतं. ते माझ्यामुळे आलं नाही. आणि ती बारा वर्षांची पोर मला सांभाळत होती — मी तिला सांभाळायला ठेवलेली बाई.

गेम मॅडमनी मला दिला. "तिची आठवण, तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाल्या. तो ट्रंकेत आहे. कधीतरी मी तो चार्ज करते, सुरू करते आणि हात न लावता बसते. थोड्या वेळानं गाडी निघते.

मला इथून काढलं नाही. घरात आता काम उरलेलं नाही, तरी ठेवून घेतलंय. मागच्या महिन्यात मॅडमनी तो तक्ता लॅमिनेट करून आणला आणि सुजूच्या फोटोखाली लावला. आल्यागेल्याला दाखवतात. म्हणतात, "आमच्या मावशीनं एक दिवस खाडा केला नाही." मी चहाचा ट्रे धरून उभी असते. रोज सकाळी तो तक्ता मीच पुसते. कुठल्या खुणा खोट्या आहेत ते मला अजून ओळखू येतं — त्या जास्त रेखीव आहेत.

त्या दिवशी गाडीत, त्या काळ्या गेमच्या तुकड्यावर तिचा अंगठा चालत होता. मी शेजारीच बसले होते. मी पाहिलं होतं.